वर्दीआडचा थकवा : पोलिसांचा ताण, झोप आणि कामाचे तास

पोलीस हा सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाईल, असे १८६१च्या पोलीस कायद्याचे कलम २२ सांगते. कायद्याने असे मानले, तरी शरीर ते मानत नाही.

पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने केलेल्या २०१४च्या अभ्यासात, पोलीस ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांहून अधिक, तर दोनतृतीयांशांहून अधिक कर्मचारी अकरा तासांपेक्षा जास्त काम करत असल्याचे आढळले. अनेकांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुटी मिळत नव्हती. त्यामुळे ताणाचा विचार योगशिबिरापासून नव्हे, तर हजेरीपटापासून सुरू करावा लागतो.

मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये नेमके हेच झाले. त्याच ठाण्यातील एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यानुसार आठ तास काम आणि सोळा तास विश्रांती अशी पाळी प्रायोगिक स्वरूपात लागू झाली. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तिला पाठबळ दिले आणि पुढे ती शहरातील इतर ठाण्यांतही नेण्यात आली. उपाय वरून आला नाही, बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने तो सुचवला, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

गोव्यात नाताळ, नववर्ष, कार्निव्हल आणि शिगमो यांच्या बंदोबस्तात पाळ्यांचे गणित हमखास कोलमडते. अशा काळात झोप हेच पहिले औषध. रात्रपाळीच्या अखेरच्या काही तासांत चहा-कॉफी टाळावी, घरी परतल्यावर खोलीत अंधार करून झोपावे. मध्यरात्री भजी किंवा भाजीपाव खाण्यापेक्षा डब्यातील हलके जेवण बरे. आठवड्यातील बहुतेक दिवस अर्धा तास भरभर चालणे रक्तदाब व मधुमेहावर लगाम ठेवण्यास मदत करते.

अपघातातील मृतदेह उचलणे किंवा बालकावरील अत्याचाराचा जबाब नोंदवणे यांचे ओझे मात्र चालण्याने उतरत नाही. अशा प्रसंगानंतर काही दिवस झोप न लागणे, दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे. त्याच दिवशी सर्वांना बसवून बळेच बोलते करण्याचा उपयोग होत नाही. विश्वासू सहकाऱ्याची सोबत अधिक कामाची ठरते. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, दारू वाढली वा घरी हात उगारला जाऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. शस्त्र त्वरित जमा करून घ्यावे. ती शिक्षा नव्हे, हे वरिष्ठांनी स्पष्ट शब्दांत सांगावे.

बढती अडेल, ‘वेडा’ म्हणतील, या भीतीने अनेक जण गप्प राहतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. बांबोळी येथील मनोरुग्णालयात उपचार मिळतात. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क बोलता येते.