पत्ता : ग्रुबेनडोल, लंडन

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील विद्वानांच्या टपालात एक चमत्कारिक पत्ता आढळतो : मॉन्शिअर ग्रुबेनडोल, लंडन. या नावाचा कोणी इसम लंडनमध्ये राहत नव्हता. रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी आपल्याच आडनावातील अक्षरांची फिरवाफिरव करून ते घडविले होते. ग्रुबेनडोलच्या नावे आलेली पत्रे राज्यसचिवाच्या कचेरीत जात. तेथले अधिकारी जोसेफ विल्यमसन त्यांचे हशील सरकारी खर्चाने भागवीत आणि त्या मोबदल्यात पत्रांतील राजकीय बातम्या कचेरीला मिळत. त्या काळी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे; म्हणजे ज्याचा पत्रव्यवहार वाढेल त्याचे कर्जही वाढेल, असा हा मामला होता. विद्येच्या इतिहासग्रंथांत असल्या हिशेबांना सहसा जागा मिळत नाही. पण दूरदूरच्या माणसांना एका चर्चेत बांधून ठेवण्याचा उद्योग एका मनुष्याने पंधरा वर्षे कसा चालविला, हे समजून घ्यायचे तर आरंभ हशिलापासूनच करावा लागतो.

ओल्डेनबर्ग मूळचे जर्मनीतील ब्रेमेन नगरीचे. त्या नगरीचे वकील म्हणून ते १६५३ मध्ये इंग्लंडला आले. पुढे रॉबर्ट बॉइल यांच्या भाच्याचे शिक्षक झाले, त्याच्यासमवेत युरोपभर हिंडले आणि १६६१ मध्ये रेन्सबर्ग येथे स्पिनोझाला भेटून आले. या प्रवासात त्यांनी भाषा आणि ओळखी अशा दोन पुंजी जोडल्या. नोव्हेंबर १६६० मध्ये लंडनच्या ग्रेशॅम महाविद्यालयात रॉयल सोसायटीची स्थापना झाली. १६६२ च्या सनदेने तिला दोन चिटणीस मिळाले, त्यांतले एक ओल्डेनबर्ग. स्वतः त्यांनी एकही शोध लावला नाही. इतरांच्या शोधांना मात्र त्यांच्या दारातूनच जावे लागे.

काम किती वाढले होते ते त्यांनी स्वतःच १६६८ च्या सुमारास एका टिपणात नोंदविले आहे. सभांना हजर राहणे, बोलणे झालेले टिपून घेणे, नोंदवह्या तपासणे, ज्यांनी कामे अंगावर घेतली त्यांच्यामागे तगादा लावणे, परदेशी सर्व पत्रे लिहिणे आणि किमान तीस जणांशी पत्रव्यवहार राखणे, अशी ती यादी आहे. अशा माणसाला मदतीवाचून ठेवावे काय, असा प्रश्न शेवटी आहे. चाळीस पौंडांचे वार्षिक वेतन त्यांना मिळाले ते १६६९ मध्ये! विद्वत्सभा चिटणिसांच्या कष्टांना फार काळ सेवाभाव समजतात, ही तक्रार काही एकट्या इंग्लंडची नव्हे.

पुढे पत्रलेखकांची संख्या सत्तरावर गेली. एवढा पसारा आवरता कसा, हे मार्टिन लिस्टर या वैद्याने त्यांना विचारले होते आणि मिळालेले उत्तर आपल्या पॅरिसच्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले. कागद, शाई आणि लेखणी समोर मांडल्यावाचून ओल्डेनबर्ग पत्र फोडीतच नसत. वाचले की लगेच उत्तर. त्यामुळे पत्रांचा ढीग साचत नसे. दुसरी युक्ती अधिक मार्मिक होती : एका पत्राने ते दुसऱ्याचे उत्तर देत. डांझिगच्या हेवेलियसने आकाशात काय पाहिले ते पॅरिसला कळवायचे, पॅरिसची शंका इटलीत पोचवायची, आणि इटलीहून मल्पिगीने रेशमाच्या किड्याविषयी लिहिले की लंडनच्या सभेत वाचायचे. चर्चा दुसऱ्यांचीच, यांनी फक्त तिला वाट करून द्यायची. सहा मार्च १६६५ रोजी त्यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हे नियतकालिक स्वतःच्या जोखमीवर काढले. या पत्रांच्या गर्दीतूनच ते जन्मले. तीच गोष्ट तीस वेळा हाताने लिहिण्यापेक्षा एकदा छापणे सोयीचे, हा त्यातला साधा व्यवहार होता. छपाईतून पैसा मिळेल ही आशा मात्र फारशी फळली नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेग आला, सभासद पांगले. ओल्डेनबर्ग शहर सोडून गेले नाहीत.

या जाळ्याचे टोक हिंदुस्थानपर्यंत आले होते. १६६७ मध्ये सुरत आणि पूर्वेकडील देशांसाठी प्रश्नांची एक यादी नियतकालिकात छापली गेली. तीनच वर्षांपूर्वी, १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली होती. पण मराठी बखरींतून दिसणारी सुरत आणि या यादीतली सुरत यांचा परस्परांना पत्ता नाही. बटाव्हियाला असेच प्रश्न गेले होते. खणून काढलेले हिरे त्याच जागी काही वर्षांनी पुन्हा वाढतात काय, असे त्यांत विचारले होते. माणसाच्या आठवणीत तरी असे घडलेले नाही, असे उत्तर आले.

याच १६६७ सालच्या जूनमध्ये डच आरमाराने मेडवे नदीत शिरून इंग्रजांची जहाजे जाळली. परदेशी माणूस, परदेशी पत्रे, त्यात बनावट नाव : संशयाला आणखी काय हवे? ओल्डेनबर्ग यांना लंडनच्या टॉवरमध्ये डांबण्यात आले आणि ऑगस्टअखेरीस सोडण्यात आले. सुटल्यावर त्यांनी पुन्हा पत्रे लिहावयास घेतली. मला या घटनेत त्यांचे शौर्य दिसते त्याहून त्यांची निरुपायता अधिक दिसते. पत्रव्यवहार थांबला असता तर त्यांच्यापाशी दुसरे काहीच उरले नसते.

चर्चा वाढली तशी भांडणेही वाढली. १६७२ मध्ये न्यूटनचा प्रकाश व रंगांविषयीचा लेख छापून येताच हूक, पार्दी, हायगेन्स यांचे आक्षेप सुरू झाले. आक्षेप न्यूटनकडे पोचविणे आणि उत्तरे छापणे हे काम ओल्डेनबर्ग यांचेच. प्रतिपक्षाची नावे वगळून केवळ मताला उत्तर द्यावे, अशी सूचना त्यांनी न्यूटनला केली होती. तरीही आपण तत्त्वज्ञानाचे गुलाम झालो, असा वैताग न्यूटनने १६७६ मध्ये त्यांनाच लिहून कळविला. हूकचा राग त्याहून कडवा होता. घड्याळाच्या स्प्रिंगचा शोध प्रथम कोणाचा, या वादात हायगेन्सची बाजू घेऊन ओल्डेनबर्ग आपली गुपिते बाहेर विकतात, असा आरोप त्याने छापील मजकुरात केला. सोसायटीच्या मंडळाने चिटणिसाची पाठराखण केली. आरोप अन्यायाचा होता, पण निराधार म्हणून झटकून टाकण्यासारखाही नव्हता. सगळ्यांची पत्रे ज्याच्या हाती, त्याने कोणाला काय व केव्हा सांगितले, याचा साक्षीदार तो एकटाच असतो.

डेल्फ्टच्या लेव्हेनहूकला डचखेरीज भाषा येत नव्हती. त्याने १६७६ मध्ये पाण्यातील सूक्ष्म जीवांचे वर्णन धाडले. ते ओल्डेनबर्ग यांनी इंग्रजीत उतरवून १६७७ मध्ये छापले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ते वारले. थोड्याच दिवसांत पत्नीही गेली. मागे दोन लहान मुले राहिली आणि कागदांचे गठ्ठे. हे कागद हॉल दांपत्याने संपादून १९६५ ते १९८६ या काळात तेरा खंडांत प्रसिद्ध केले.

नोव्हेंबर १६७७ मध्ये लेव्हेनहूकने पुढचे पत्र लिहिले, तेव्हा ते सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर यांच्या नावे पाठवावे लागले.