कालवा कुणाच्या शिवारात?
सरकारी योजनांच्या निवडीचा थोडा इतिहास



आपल्या तालुक्यात रस्ता झाला, शेजारच्या तालुक्यात धरण झाले, तिसऱ्या तालुक्यात मात्र काहीच झाले नाही, असे का होते हा प्रश्न आपण सर्वांनी कधी ना कधी विचारलेला असतो. त्याचे ठरलेले उत्तर 'राजकारण' असे असते आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु राजकारणाच्या जोडीला आणखी एक गोष्ट चालू असते, ती म्हणजे हिशेब. सरकारजवळ पैसा मोजका आणि मागण्या अनेक. तेव्हा कोणते काम आधी घ्यावयाचे हे ठरविण्यास काहीतरी कसोटी लागतेच. ही कसोटी गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली आणि ती बदलली तसतसे पाणी निरनिराळ्या शिवारांत गेले. आपल्याच महाराष्ट्रातील कालव्यांच्या उदाहरणावरून हा इतिहास आपण समजून घेऊ.

पहिली कसोटी : व्याज सुटते का?

इंग्रजी अमदानीत १८६० नंतरच्या काळात पाटबंधाऱ्यांची मोठी कामे कर्ज काढून करण्याचे धोरण आले. कर्ज म्हटले की व्याज आलेच. म्हणून सरकारने सरळ सावकारी नियम केला. काम पुरे झाल्यावर दहा वर्षांच्या आत त्याच्या निव्वळ उत्पन्नातून भांडवलावरील व्याज सुटणार असेल, तर ते काम 'उत्पादक' समजावयाचे आणि त्यालाच कर्जाऊ रक्कम द्यावयाची.

नियम ऐकायला चोख वाटतो. पण त्याचा परिणाम पाहा. पंजाबात नद्यांना हिमालयाच्या बर्फाचे पाणी, जमीन सपाट, कालवा खणणे स्वस्त. तेथे व्याज सहज सुटे. आपल्या दख्खनच्या पठारावर नद्या उन्हाळ्यात आटणाऱ्या, खाली कातळ, पाणी साठवायचे तर दगडी धरण बांधणे भाग. शिवाय पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसे. मग पाणीपट्टी कोठून येणार? म्हणजे जो मुलुख सर्वात जास्त दुष्काळी, तोच या कसोटीत सर्वात मागे पडे.

आणखी एक विसंगती होती. रेल्वे कंपन्यांना १८४९ च्या करारांपासून भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. तूट आली तर ती तिजोरीतून भरली जाई. गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा बांधणारे इंजिनिअर सर आर्थर कॉटन यांनी हयातभर तक्रार केली की, जो पैसा रेल्वेवर ओतला जातो तो कालव्यांकडे वळवावा. कालव्याला एक माप आणि रेल्वेला दुसरे माप होते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरी कसोटी : दुष्काळाचा खर्च वाचतो का?

१८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसे मेली. मदतकामांवर सरकारचा पैसा पाण्यासारखा खर्च झाला आणि मग हिशेबनिसांचेही डोळे उघडले. १८७८ पासून दुष्काळ निवारणासाठी दरसाल दीड कोटी रुपयांची तरतूद करण्याचे ठरले. १८८० मध्ये सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि व्याज न सुटणारी, परंतु दुष्काळापासून बचाव करणारी 'संरक्षक' कामे या तरतुदीतून होऊ लागली.

पण संरक्षक कामावर किती खर्च करणे योग्य, हे कसे ठरवायचे? १९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या पाटबंधारे आयोगाने याचा विचार केला. त्यांचा युक्तिवाद असा : एखाद्या जिल्ह्यात दुष्काळी मदतीवर सरासरीने दरसाल किती खर्च येतो ते काढा, कालवा झाला तर त्यातील किती वाचेल ते पाहा, वाचणाऱ्या रकमेच्या मानाने कालव्यावर भांडवल घालणे रास्त ठरेल. हिशेबाच्या वहीत एक नवा रकाना उघडला गेला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत दारणा, भंडारदरा आणि भाटघरचे मोठे धरण ही कामे उभी राहिली, त्यामागे हा विचार होता. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले.

असे असले तरी जुनी सावकारी दृष्टी गेली नाही. नीरा डाव्या कालव्याचेच उदाहरण घ्या. १८८५ मध्ये सुरू झालेला हा कालवा दुष्काळात बाजरी-ज्वारी वाचविण्यासाठी होता. पण अन्नधान्याचा शेतकरी पाऊस पडला की पाणी नाकारी आणि ऊस लावणारा बारमाही पाणी घेऊन मोठी पाणीपट्टी भरी. अधिकाऱ्यांना उत्पन्न दाखवायचे होते, त्यामुळे उसाला उत्तेजन मिळाले. संरक्षणासाठी आणलेले पाणी थोड्या शेतांत जिरू लागले आणि अतिपाण्याने हजारो एकर जमीन चिबड व खारवट झाली. पाणी अधिक गावांत वाटले जावे म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथेच 'ब्लॉक पद्धत' सुचविली. योजना मंजूर करताना एक कसोटी आणि ती चालविताना दुसरी, असे झाले की मूळ हेतू कसा हरवतो, याचा हा धडा आहे.

तिसरी कसोटी : लोकांचा फायदा किती?

आता थोडे परदेशात डोकावू, कारण पुढचा विचार तेथून आला. फ्रान्समधील इंजिनिअर झ्यूल ड्यूपुई यांनी १८४४ मध्ये एक साधा प्रश्न मांडला होता. पुलावर टोल नसेल तर सरकारचे उत्पन्न शून्य. मग त्या पुलाचा उपयोगही शून्य म्हणावयाचा काय? अर्थातच नाही. पुलावरून जाणाऱ्यांचा जो वेळ आणि पैसा वाचतो, तो खरा उपयोग. सरकारच्या गल्ल्यात काय पडले आणि लोकांच्या पदरात काय पडले, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने हे तत्त्व स्वीकारले. फायदा कोणालाही होवो, तो अंदाजित खर्चापेक्षा अधिक असला पाहिजे, असे त्यात म्हटले होते.

आपल्याकडे हे काम प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांनी केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असताना त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या क्षेत्राची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याखालील गावे आणि तशीच कोरडवाहू गावे यांची तुलना करून त्यांनी कालव्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे मोजले. सरकारी जमाखर्चात तोट्याचा दिसणारा कालवा मुलुखाच्या जमाखर्चात कसा दिसतो, हे गावोगाव फिरून गोळा केलेल्या आकड्यांनी तपासण्याची ही रीत होती. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, याच प्रवरेच्या परिसरात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते.

तरीही व्याजाची जुनी कसोटी स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे चालू राहिली. १९६४ मध्ये निजलिंगप्पा समितीने ती सोडून लाभ-खर्च गुणोत्तर वापरावे असे सुचविले. पुढे असा दंडक पडला की वर्षाच्या १ रुपया खर्चामागे निदान दीड रुपयाचा लाभ असावा. दुष्काळी भागासाठी मात्र १ रुपयाचा लाभही पुरे. ही शेवटची सवलत लहान दिसते, पण अवर्षणग्रस्त तालुक्यांना रांगेत उभे राहण्याची संधी त्यामुळे मिळाली.

१९७२ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या योजनांच्या छाननीसाठी सार्वजनिक गुंतवणूक मंडळ स्थापले आणि नियोजन आयोगात प्रकल्प मूल्यमापनाचा वेगळा विभाग काढला. (नियोजन आयोगाची जागा २०१५ मध्ये नीती आयोगाने घेतली.) त्याच १९७२ साली पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्गलिन आणि अमर्त्य सेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी मूल्यमापनाची मार्गदर्शिका लिहिली. बेकार मजुराला कामावर घेतले तर देशाला पडणारी खरी किंमत त्याच्या मजुरीपेक्षा कमी असते आणि गरिबाच्या हाती पडलेल्या रुपयाला अधिक वजन देता येते, हे त्यातील विचार विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहेत.

कसोटीच्या मर्यादा

मग आता सर्व ठीक झाले काय? तसे म्हणता येत नाही. आजही तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली, काळाची. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी धरला जातो आणि किती कमी हे व्याजाच्या दरावर अवलंबून असते. पंचवीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये ५ टक्के दराने आज सुमारे ३० रुपयांचे, पण १० टक्के दराने फक्त ९ रुपयांचे ठरतात. जंगल, जमिनीचा कस, शाळा यांची फळे उशिरा येतात. चढ्या दरात ती नाहीशी होतात.

दुसरी, अंदाजाची. मंजुरी हवी असते तेव्हा खर्च कमी आणि लाभ जास्त दाखविण्याचा मोह होतो. पुढे काम रेंगाळते आणि भाववाढ होते ती निराळीच. विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाज १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांचा होता; २०१६ पर्यंत तो १८ हजार कोटींच्या वर गेला.

तिसरी, आणि सर्वात वेदनादायक, माणसांची. बुडणाऱ्या जमिनीची नुकसानभरपाई लिहिली की खर्चाचा रकाना भरला असे समजले जाई. ज्याचे सातबाऱ्यावर नाव नाही, तो शेतमजूर त्या रकान्यात येतच नसे. लाभ एकाला आणि हानी दुसऱ्याला झाली, तरी बेरीज बरोबर दिसते. महाराष्ट्राने १९७६ मध्ये धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. तरीही १९६० च्या दशकात वीज देऊ लागलेल्या कोयनेच्या धरणग्रस्तांना २०१८ मध्येही आपल्या हक्कांसाठी आंदोलनास बसावे लागले.

विद्यार्थी मित्रांनो, गणित कधी पक्षपात करीत नाही, पण गणितात काय मांडायचे हे माणसे ठरवितात. दुष्काळात मेलेल्यांमुळे एक रकाना उघडला, गाडगिळांच्या पाहणीमुळे दुसरा, धरणग्रस्तांच्या लढ्यामुळे तिसरा. उद्या तुमच्या गावात एखादी योजना येईल तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा : खर्च कोण सोसणार? लाभ कुणाला आणि केव्हा होणार? आकडे कोणी तपासले? आणि हिशेबात कोण राहून गेले? पालकांनो, आपल्या मुलामुलींना हे प्रश्न विचारता येतील, उत्तर आले तर ते तपासता येईल, एवढे अर्थशास्त्र आणि एवढे धैर्य त्यांना शाळेतच मिळावे. कालव्याचे पाणी पुढे ज्यांच्या शिवारात जाईल किंवा जाणार नाही, ती त्यांचीच शिवारे आहेत.