भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक आणि बॅरिस्टर आंबेडकर

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात झालेली पोटनिवडणूक ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातली लोकसभेची दुसरी आणि शेवटची लढत. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता आणि हा सगळा मुलूख मध्य प्रदेश राज्यात मोडत होता. त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आंबेडकर हरले एवढेच बहुतेकांना आठवते. ही पोटनिवडणूक लागलीच का, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तिचे मूळ एका विडी कंपनीच्या करारात आणि महानुभाव पंथाच्या एका अनुयायाच्या नामंजूर अर्जात आहे. हे दोन्ही वाद ज्या कायद्याखाली लढले गेले, तो कायदा कायदेमंत्री या नात्याने आंबेडकरांनीच संसदेत मांडून मंजूर करून घेतला होता.

गोंदिया हे रेल्वेने वाढवलेले गाव. हावडा-मुंबई मार्गावरचे हे जंक्शन, त्यातून जबलपूरकडे आणि नागभीडकडे फुटलेले, तेव्हा अरुंद मापाचे असलेले फाटे. त्यामुळे आजूबाजूचा तांदूळ आणि जंगलातला तेंदूपत्ता इथून बाहेर जाऊ लागला. तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी या पट्ट्यात घरोघरी विडी वळली जाई. पाने भिजवायची, साच्याने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची आणि गड्ड्या ठेकेदाराकडे मोजून द्यायच्या, असे ते काम. हातात रोख पैसा देणारा शेतीबाहेरचा हाच मोठा धंदा. विडीचे कारखानदार त्यामुळे या भागातले वजनदार लोक होते आणि त्यांच्यापैकी काही काँग्रेसच्या राजकारणातही पुढे होते. चतुर्भुज विठ्ठलदास जसानी हे त्यांतले एक. मुलजी सिक्का अँड कंपनी या विडी कंपनीत ते भागीदार होते.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले. दोघेही काँग्रेसचे. निकालाला आव्हान मिळाले ते दोन मुद्द्यांवर. पहिला मुद्दा असा की मुलजी सिक्का कंपनीचा सरकारला विड्या पुरवण्याचा करार चालू होता. लष्कराच्या कॅन्टीनमधून सैनिकांना विकल्या जाणाऱ्या विड्या या कंपनीच्या होत्या. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७ (ड) प्रमाणे सरकारशी माल पुरवठ्याच्या करारात हितसंबंध असलेला माणूस निवडणुकीला अपात्र ठरत असे. दुसरा मुद्दा गंगाराम ठवरे यांच्या अर्जाचा. ठवरे जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतली होती. जातीभेद न मानणाऱ्या पंथात गेलेला माणूस अनुसूचित जातीचा राहत नाही, असे धरून छाननीत त्यांचा अर्ज बाद करण्यात आला होता.

निवडणूक न्यायाधिकरणाने संपूर्ण निवडणूक रद्द ठरवली. जसानी सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९५४ रोजी न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. हे बोस नागपूरच्या वकिलीतून वर आलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. विदर्भ त्यांना परका नव्हता. करार राज्यघटनेतल्या ठरावीक नमुन्यात आणि राष्ट्रपतींच्या नावे झाला नव्हता, म्हणून तो करारच नव्हे, हा बचाव त्यांनी मानला नाही. असा करार सरकारला मागाहून मान्य करता येतो, तेव्हा त्यातला हितसंबंध खराच आहे, असे त्यांचे म्हणणे.

ठवऱ्यांच्या बाबतीतला निकाल जास्त दूरगामी ठरला. पंथ बदलल्यावर जात उरते की जाते, हे ठरवताना तीन गोष्टी पाहायच्या: जुन्या जातीने त्या माणसाशी कसे नाते ठेवले, त्याचा स्वतःचा हेतू काय होता, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. या कसोटीवर ठवरे महारच राहिले होते. त्यांचा अर्ज चुकीने नाकारला गेला, म्हणून दोन्ही जागांची निवडणूक रद्द. धर्मांतर आणि आरक्षण यांवरच्या पुढच्या कितीतरी खटल्यांत वकिलांनी हा निकाल उद्धृत केला आहे. तो भंडाऱ्याच्या मतदारसंघातून निघाला, याची दखल जिल्ह्याच्या इतिहासात मात्र फारशी घेतली जात नाही.

अशा रीतीने मोकळ्या झालेल्या राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे आंबेडकर उभे राहिले. त्यांची कारकीर्द मुळात वकिलाची. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. मोठे अशील अस्पृश्य बॅरिस्टरकडे सहजी येत नसत. तरी १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जेधे आणि जवळकर या ब्राह्मणेतर चळवळीतल्या नेत्यांवर झालेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील जिंकले, आणि १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाची बाजू त्यांनी मांडली. तीन वर्षे ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री, १९४७ पासून मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मुख्यतः नाराज होऊन त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा काळा कोट घालून सर्वोच्च न्यायालयात उभे होते, तेही उत्तर प्रदेशातल्या जमीनदारांच्या बाजूने. अशील आणि वकिलाचे मत एकच असते, असे समजणाऱ्यांना हे आजही कोड्यात टाकते.

याच कारकिर्दीत आकाशवाणीशी त्यांचा संबंध आला, तो मंत्रिपदातून. १९४२ च्या अखेरीस मजूरमंत्री म्हणून ते मुंबई केंद्रावरून बोलले. हिंदी कामगाराला हे युद्ध जिंकायचे आहे ते का, हा त्या भाषणाचा विषय. युरोपातल्या नाझी राजवटीचा पराभव हा इथल्या मजुराच्याही हिताचा आहे, ही मांडणी त्यांनी वकिली पद्धतीने एकेक मुद्दा घेत केली. १९५४ च्या प्रचारात मात्र त्यांना रेडिओचा काही उपयोग नव्हता. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ पासून सुरू होते, पण पक्षांना निवडणूक प्रचारासाठी आकाशवाणीवर वेळ मिळायला १९७७ साल उजाडले. त्यामुळे भंडाऱ्यात त्यांची भिस्त सभांवर राहिली. प्रकृती ढासळलेली, मेचे ऊन, आणि भाषणांत नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर कडक टीका. विडी वळणाऱ्या आणि धान पिकवणाऱ्या मतदारांपुढे परराष्ट्र धोरण हा विषय कितपत चालला असेल, हा प्रश्न पडतोच.

निकाल मात्र ठरला तो द्विसदस्य पद्धतीच्या हिशेबावर. प्रत्येक मतदाराला दोन मते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. फेडरेशनची हत्तीची पेटी, काँग्रेसची बैलजोडीची पेटी. मतदाराने दोन कोऱ्या मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई आणि दुसरी बाद. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते आणि फेडरेशनशी त्यांचा समझोता होता. दलित मतदारांची दुसरी मते मेहतांकडे गेली. मेहतांच्या मतदारांची दुसरी मते तितक्या प्रमाणात आंबेडकरांकडे आली नाहीत. काही कार्यकर्त्यांनी दुसरे मत वाया घालवावे असे सुचवले होते आणि घटना लिहिणाऱ्यानेच मत कुजवायला कसे सांगावे, म्हणून आंबेडकरांनी ते नाकारले, अशी आठवण सांगितली जाते. मेहता निवडून आले. आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. १९५२ मध्ये मुंबईत नारायण काजरोळकरांकडून झालेल्या पराभवापेक्षा हे अंतर कमी होते. राखीव जागेचा निकाल सवर्ण मतदारांच्या हाती राहतो, ही पुणे करारापासूनची त्यांची तक्रार भंडाऱ्याने आकड्यांत दाखवून दिली.

लोकसभा हुकली, तरी मृत्यूपर्यंत आंबेडकर राज्यसभेत राहिले. पराभवानंतर पाच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९५४ रोजी, आकाशवाणीवरून त्यांनी आपल्या जीवनाचे तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नसून ती बुद्धाच्या शिकवणीत आपल्याला सापडली, हा त्या भाषणाचा गाभा. कायद्यातल्या हमीवर त्यांनी तिथे मोजकाच भर ठेवला; समता आणि स्वातंत्र्य मोडले जाऊ नयेत यासाठी कायद्याला जागा आहे, पण खरे संरक्षण बंधुतेचे, असे माजी कायदेमंत्र्याने सांगावे हे लक्षात घेण्याजोगे आहे. मे १९५६ मध्ये बीबीसीवर बौद्ध धर्माविषयी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकेवर भारतातल्या लोकशाहीच्या भवितव्याविषयी ते बोलले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गोंदिया-भंडारा भागातली महार वस्तीही मोठ्या संख्येने बौद्ध झाली. ठवऱ्यांची कसोटी या लोकांच्या कामी आली नाही. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अटच होती आणि बौद्ध तिच्यात बसत नव्हते. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने दिल्या त्या १९९० मध्ये.

भंडाऱ्याची राखीव जागा फार काळ बोरकरांकडे राहिली नाही. त्यांच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत अनसूयाबाई बोरकर तिथून निवडून आल्या. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला आणि मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेत भंडारा-गोंदिया या नावाचा एकसदस्य, सर्वसाधारण मतदारसंघ तयार झाला.