दवाखान्याच्या दारात थांबलेला विमा

आजचा धागा एका साध्या प्रश्नाचा आहे. मनाच्या आजाराला विम्याचे संरक्षण देणारा कायदा भारतात झाला, तरी नैराश्यावरच्या गोळ्यांचा खर्च बहुतेकांना पदरमोड करूनच का भागवावा लागतो?

आरंभ १९७५ पासून करू. हरियाणातील रायपूर रानी येथे चंदीगढच्या पीजीआयच्या मनोविकारतज्ज्ञांनी एक प्रयोग मांडला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील सामान्य डॉक्टर आणि आरोग्यसेवक थोड्या प्रशिक्षणाने, मोजक्या औषधांनिशी मनोरुग्णांना सांभाळू शकतील काय? त्याच सुमारास निम्हान्सने बंगळुरूजवळच्या सकलवारा येथे असेच काम सुरू केले. तेव्हा देशात कायदा होता तो १९१२ चा, आणि त्याचे नावच ‘लुनसी अ‍ॅक्ट’, म्हणजे वेडेपणाचा कायदा! कायदा वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतींचा विचार करीत होता. डॉक्टर त्या भिंतींबाहेर पडले होते. या अनुभवाच्या आधारे १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. पुढे बेल्लारी जिल्ह्यात तो जिल्हापातळीवर पारखला गेला आणि १९९६ पासून इतर जिल्ह्यांत नेण्यात आला.

उपचार गावाकडे निघाला होता. विमा मात्र उलट्या दिशेने गेला.

वास्तविक आपल्याकडे दुसरी वाटही होती. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना सादर केली. तिच्यातूनच १९४८ चा राज्य कर्मचारी विमा कायदा आला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. येथे विमा म्हणजे आधी दवाखाना: बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि आजारपणातील रोख भत्ता. दीर्घ आजारांच्या वाढीव भत्त्याच्या यादीत तीव्र मनोविकारही आहेत. माझ्या मते ही परंपरा आपण फार स्वस्तात विसरलो.

कारण १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांची ‘मेडिक्लेम’ आली आणि मध्यमवर्गाला विमा म्हणजे इस्पितळातली खाट, असेच वाटू लागले. चोवीस तास भरती राहा, मग पैसे मागा. मनोविकार तर बहुतेक पॉलिसींत वगळलेलेच असत.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हे चित्र पालटण्याचा प्रयत्न केला. कलम २१(४) म्हणते की प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच तत्त्वावर विमा द्यावा. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसे कळविले. तरीही टाळाटाळ सुरूच होती. एका पॉलिसीत मानसिक आजारासाठी ५० हजारांचीच मर्यादा घातलेली होती. हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की कायदा लागू झाल्या दिवसापासून कंपन्या त्याला बांधील आहेत.

आता ‘त्याच तत्त्वावर’ हे शब्द पुन्हा वाचा. शारीरिक आजारालाही आपली नेहमीची पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देते. मग समानतेने मनोरुग्णाला मिळाली ती खाटेची समानता. नैराश्य वा चिंताविकाराचा बहुसंख्य रुग्ण मात्र खाटेवर नसतो. तो महिन्यातून एकदा तपासणीला येतो, चिठ्ठी घेतो आणि औषधाच्या दुकानात जातो. त्याच कायद्याचे कलम १८ मानसिक उपचार प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळण्यास सांगते. पण ते बंधन सरकारवर आहे. कलम २१(४) विमा कंपन्यांवर. ही दोन कलमे रुग्णाच्या बिलावर अद्याप क्वचितच एकत्र येतात.

२०१८ मधील आयुष्मान भारत योजनेतही हीच फाळणी दिसते: विम्याचा भाग भरतीच्या उपचारांना, आणि मानसिक आरोग्यासह प्राथमिक सेवा वेगळ्या आरोग्य केंद्रांकडे. तिथे उपचार मोफत असतात, मात्र केंद्रात औषध असले तर.