पोटगी, अपत्याची : मध्यस्थीद्वारा फेरफार

विभक्त अथवा घटस्फोटित आईवडिलांपैकी एकाने अपत्याच्या निर्वाहार्थ द्यावयाच्या पोटगीची न्यायालयाने ठरवून दिलेली रक्कम वा अटी, परिस्थिती पालटल्यावर, तटस्थ मध्यस्थाच्या साहाय्याने उभयपक्षी संमतीने बदलून घेण्याची रीत. लवादाप्रमाणे निवाडा देण्याचा अधिकार मध्यस्थाला नसतो.

मूल वाढते, त्याच्या गरजा पालटतात आणि देणाऱ्याची मिळकतही कमीअधिक होते, म्हणून पोटगीचा हुकूम स्वभावतःच कायमचा नसतो. भारतात हिंदू विवाह अधिनियम, 1955 (कलम 26) आणि हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 (कलम 25) यांत फेरफाराची तरतूद असून, सर्वधर्मीयांस लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 ने घेतली आहे. पूर्वीच्या संहितेतील दरमहा 500 रुपयांची कमाल मर्यादा 2001 मध्ये रद्द झाली.

फेरफाराचा अर्ज दाखल झाल्यावर, समेटाचा प्रयत्न करणे हे कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 9 अन्वये न्यायालयाचे कर्तव्यच असल्याने, प्रकरण समुपदेशकाकडे वा मध्यस्थाकडे पाठविले जाते. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालाने उभय पक्षांस मिळकत व देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केल्यामुळे बोलणी निव्वळ आरोपांवर न होता आकड्यांवर होऊ शकतात.

समजा, मुलगी पहिलीत असताना दरमहा 8,000 रुपये ठरले; ती अकरावीत गेल्यावर क्लासची फी व प्रवासखर्च पुढे करून आई 15,000 मागते, तर कारखाना बंद पडल्याने जुनी रक्कमही जड जाते, असे वडील सांगतात. मध्यस्थापुढे हा एक आकडा मोडून पाहता येतो : 10,000 रुपये दरमहा पाच तारखेच्या आत आईच्या खात्यात, फी वडिलांनी हप्त्यांनी परस्पर क्लासमध्ये भरावी, त्यांना कायम नोकरी लागताच रकमेचा फेरविचार व्हावा.

असा तडजोडनामा लेखी होऊन न्यायालयापुढे ठेवला जातो आणि अपत्याच्या हिताला बाध येत नाही, अशी खात्री पटल्यावरच त्यानुसार हुकूम होतो. पोटगी अपत्याच्या हक्काची असल्याने आईने ती सोडून दिल्याने तो हक्क बुडत नाही. आपसांत तोंडी ठरलेल्या सवलतीने मूळ हुकूम बदलत नाही. थकबाकी साचत राहते आणि पुढे तिच्या वसुलीचे वॉरंट निघू शकते. जेथे मारहाणीची दहशत आहे किंवा मिळकत दडविली जाते, तेथे संमती नावापुरतीच उरते. अशा प्रकरणी पुरावा घेऊन न्यायालयानेच रक्कम ठरविणे इष्ट होय.