स्टॅम्फर्डची जुनी सराई

राजे कोठें लढले हें इतिहासांत सविस्तर सांपडतें. ते वाटेंत कोठें उतरले, त्यांचे घोडे कोणीं सोडले, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाहीं. म्हणून आज एका सराईची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडांत लिंकनशायर परगण्यांत वेलँड नदीच्या कांठीं स्टॅम्फर्ड हें चुनखडीच्या दगडांनीं बांधलेलें सुरेख गांव आहे. लंडनहून एडिंबरोस जाणारा उत्तरेचा राजरस्ता पूर्वीं या गांवांतून जात असे. त्या रस्त्यावर, लंडनपासून सुमारें ९० मैलांवर, 'जॉर्ज' ही सराई उभी आहे. तिची पाटी सबंध रस्त्यावर आडव्या टाकलेल्या तुळईवर आहे. वाटमाऱ्यांस फांसाची आठवण राहावी म्हणून ही तुळई उभारली, अशी दंतकथा आहे. आम्हांस तींत धाकापेक्षां व्यापारी धोरणच अधिक दिसतें. कारण तिच्याखालून गेल्यावांचून एकाही गाडीस पुढें जातां येत नसे!

सध्यांच्या इमारतीचा मुख्य भाग १५९७ सालीं एलिझाबेथ राणीचा खजिनदार लॉर्ड बर्ली यानें बांधविला. परंतु सराईचा खरा भरभराटीचा काळ पुढें दोन शतकांनीं आला. १७८४ सालीं जॉन पामर यानें ब्रिस्टलहून दुपारीं चारला सोडलेली टपालगाडी दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठला लंडनांत आणून दाखविली. मॅकॅडमच्या पद्धतीनें रस्तेही पुढें सुधारले, आणि वेग हाच सराईंचा धंदा होऊन बसला. जॉर्जच्या दारांत दिवसाकाठीं वीस गाड्या उत्तरेकडे जाणाऱ्या व वीस दक्षिणेकडे जाणाऱ्या थांबत. दोन दालनांच्या दारांवर 'लंडन' व 'यॉर्क' हीं नांवें आजही आहेत; ज्यानें त्यानें आपल्या दिशेच्या दालनांत वाट पाहावी, अशी व्यवस्था होती. दुरून गार्डाचें शिंग ऐकूं आलें कीं मोतद्दार ताज्या घोड्यांची चौकडी घेऊन अंगणांत तयार राहत, आणि दोन-चार मिनिटांत थकलेले घोडे सुटून नवे जोडले जात. प्रवाशाचा घांस मात्र पुष्कळदां ताटांतच राही. या चपळाईचें कौतुक करणारांनीं घोड्यांकडेही पाहावें. सुमारें दहा मैलांच्या टप्प्यांत त्यांचा दम निघे, आणि जलद गाडीच्या घोड्याचें कामाचें आयुष्य तीन-चार वर्षांपलीकडे क्वचितच जाई.

सराईंत डॅनियल लँबर्टचें चित्र आहे. हा ७३९ पौंड वजनाचा गृहस्थ १८०९ सालीं याच गांवीं, पण दुसऱ्या एका सराईंत वारला. चित्र मात्र जॉर्जनें मिळविलें!

पुढें आगगाडी आली. ग्रेट नॉर्दर्न कंपनीचा मुख्य मार्ग १८५२ सालीं पीटरबरोहून सरळ ग्रँथमकडे गेला आणि स्टॅम्फर्ड बाजूस पडलें. बर्लीच्या वंशांतील एक्सेटरच्या मार्क्विसानें हट्टानें रेल्वे अडविली, असें लोक सांगतात. हें आम्हांस पटत नाहीं. पुढें चारच वर्षांनीं, १८५६ सालीं, स्टॅम्फर्डहून एसेंडाइनला जाऊन त्या मार्गास मिळणारा फांटा सुरू झाला, आणि त्याचा पुरस्कर्ता हाच मार्क्विस होता. गांवाचें नुकसान झालें कीं दोष देण्यास एखादा धनी लागतोच. आमच्या बोरघाटांतून १८३० सालीं गाडीरस्ता झाला आणि १८६३ सालीं आगगाडी घाट चढली. तेहतीस वर्षांत त्या रस्त्याचेंही तेंच झालें.

गाड्या थांबल्या, पागा ओस पडल्या. मोतद्दारांपैकीं कोण कोठें गेला, याची नोंद कोणी ठेवली नाहीं. जॉर्ज तगून राहिली, आणि विसाव्या शतकांत मोटारींनीं तोच रस्ता पुन्हां जागा केला. मग मोटारींची गर्दी अशी वाढली कीं १९६० सालीं गांवाबाहेरून वळणरस्ता काढावा लागला. राजरस्ता दुसऱ्यांदा दूर गेला. पण या वेळीं सराईचें नुकसान झालें नाहीं. धुरळा व गोंगाट गेला, १९६७ सालीं जुन्या स्टॅम्फर्डला कायद्याचें संरक्षण मिळालें, आणि जी घाईच्या प्रवाशांची सराई होती ती सावकाश राहण्याजोगें हॉटेल झाली. 'यॉर्क'च्या दालनांत आतां मद्यगृह आहे. 'लंडन'च्या दालनांत मेजवान्या होतात.