जात्यावरची ओवी आणि आपली वही

कुणी दुपारची भांडी उरकून बसली असेल, कुणी बांधावर मोबाईलला कान लावून असेल. आज मी तुम्हाला जुन्या बायांच्या लिहिण्याची गोष्ट सांगणार आहे. पण आधी आमच्या गटाची फजिती ऐका.

मागच्या वर्षी आम्ही ठरवलं, की बचतीच्या हिशोबवहीशिवाय प्रत्येकीनं स्वतःची एक वही ठेवायची. मनातलं लिहायचं. बाराजणींनी वह्या घेतल्या. पहिले आठ दिवस काय तो उत्साह! मग सगळ्यांच्या वहीत एकच मजकूर यायला लागला: सकाळी उठले, चहा केला, भाकरी केल्या, खुरपायला गेले. दोन महिन्यांनी पाहिलं तर तिघींच्याच वह्या चालू. बंद पडलेल्यांत माझीही होती. एक काकू म्हणाल्या, "दिवसभर तेच करायचं आणि रात्री परत तेच लिहायचं? कंटाळा येतो गं."

दुसऱ्या एका वहिनीचं कारण वेगळं होतं. तिची वही घरात कुणाच्या तरी हाती लागली. त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि सगळे हसले. तिनं वही चुलीत घातली.

ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. आपल्या आधीच्या बायांनी हे कसं निभावलं असेल, ते मी शोधायला लागले.

मैत्रिणींनो, आपली पहिली वही म्हणजे जातं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे आठ-नऊशे वर्षांची ही रीत. रोज पहाटे तेच जातं, तेच दळण. पण ओवी मात्र रोज तीच नसायची. आज पंचमीला भाऊ न्यायला येणार म्हणून, उद्या पाऊस लांबला म्हणून, परवा सासूचं बोलणं लागलं म्हणून. 'आज मी दळलं' असं सांगायला कुणी ओवी गायली नाही. दळताना मनात काय आलं, ते गायलं. काकूंच्या कंटाळ्याचं उत्तर मला तिथंच मिळालं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी 1980 च्या दशकापासून गावोगावच्या बायांच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. माझ्या आजीच्या ओव्या त्यात नाहीत. गिरणी आली, जातं परसात गेलं, आजीही गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. बीएच्या परीक्षेसाठी पानंच्या पानं लिहिली, पण आजीशेजारी बसून तिची एक ओवी उतरवून घेतली नाही. आता आठवायला जाते तर नुसती चाल आठवते, शब्द नाही.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत असं झालं नाही, हे आपलं नशीब. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या या माउलीला लिहितावाचता येत नव्हतं. घरकाम करता करता, शेतात राबता राबता त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पीतांबर चौधरी ती उतरवून घ्यायचे. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये गाण्यांचं पुस्तक आलं. कुणी लिहून ठेवलं नसतं, तर त्यांच्याबरोबर तेही गेलं असतं.

लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्यानं त्यांना घरीच अक्षरओळख करून दिली. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली आला, तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. आयुष्यात दुःखाचे डोंगर आले. तरी पुस्तक वाचताना आपण हसतो, कारण स्वतःची फजितीही त्या मोकळेपणानं सांगतात. रडगाणंच लिहायचं म्हटलं, तर वही उघडायलाही नको वाटतं.

आता त्या वहिनीसाठी आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं किराणा दुकान होतं. गल्ल्यावर बसल्या बसल्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहायच्या. घरच्यांना कळू नये म्हणून लिहिलेलं लपवून ठेवायच्या. एकदोन नाही, तब्बल वीस वर्षं! आपल्या समाजानं काय सोसलं आणि बाबासाहेबांच्या शिकवणीनं बाया कशा उभ्या राहिल्या, ते सगळं त्या कागदांत होतं. फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना ते समजलं, त्यांनी छापायचा आग्रह धरला. 1982 मध्ये ते 'स्त्री' मासिकातून येऊ लागलं आणि 1986 मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली. वहिनी काही बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "ताई, एक कोरी वही असेल तर द्या."

तिच्या वहीत काय आहे, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. वही लपवणं ही चोरी नव्हे. कुठे ठेवायची आणि कुणाला दाखवायची, हे तिचं तिनं ठरवायचं.

आम्ही आता नियम सैल केलेत. रोजची सक्ती नाही. दोन ओळी आल्या तरी पुष्कळ. एखादे दिवशी म्हण लिहायची, एखादे दिवशी आईच्या हातच्या कालवणाची रीत, कधी न पाठवायचं पत्र, कधी कुणाशी झालेलं भांडण. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं, जिच्यावर तिचा विश्वास आहे तिनं लिहायचं. महिन्याच्या बैठकीत बचत जमा झाली, की जिला वाटेल तिनं एक पान वाचायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. त्या काकू सध्या शेळीवर लिहितात, आणि पुढच्या महिन्यात शेळीनं काय केलं ते ऐकायला आम्ही सगळ्या थांबलेल्या असतो.

तुमच्या घरात कुणी म्हातारी ओवी म्हणणारी असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. वहीचं पहिलं पान तिच्या ओवीनं भरा. माझं ते राहून गेलं, तुमचं राहू देऊ नका.